उभ्यानें उडणारीं विमानें आणि आपलें शिवार

भाताची कापणी होऊन खाचरें मोकळीं झालीं कीं पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यांतील शिवारांत हल्लीं एक नवीन घरघर ऐकूं येऊं लागली आहे. गांवचीं मुलें, व बोईसरच्या कारखान्यांत नोकरीस असलेले कांहीं तरुण, सुटीच्या दिवशीं हातांत बिनतारी नियंत्रक धरून लहान लहान विमानें उडवीत असतात. हीं विमानें धांवपट्टीवरून पळत जाऊन उडत नाहींत. जागच्या जागीं सरळ वर चढतात, हवेंत स्थिर राहतात, आणि वाटेल तेव्हां उभ्या उभ्या खालीं उतरतात. लोकभाषेंत या सगळ्यांस सरसकट ‘ड्रोन’ हेंच नांव पडलें आहे. वडीलधारी मंडळी यास पोरखेळ म्हणतात. कांहीं जण त्याहून पुढें जाऊन, हा चोरट्यांचा टेहळणीचा उद्योग आहे, तो ग्रामसभेंत ठराव करून बंदच करावा, असें सुचवितात. आमचें मत याच्या उलट आहे. आणि फवारणीचें असें एक यंत्र सामाईक खरेदी करावें कीं नाहीं हा प्रश्न आपल्या संघापुढें आज ना उद्यां येणारच असल्यामुळें, तें मत कारणांसह वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम विरोध करणाऱ्यांची बाजू पाहूं, कारण ती केवळ अडाणीपणाची नाहीं. आमच्या भागांतील शेतकरी आकाशांतील यंत्राकडे संशयानें पाहतो, यास पन्नास-साठ वर्षांचा अनुभव कारण आहे. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ मध्यें सुरू झालें. पुढें त्याच्या तिसऱ्या व चवथ्या संचाकरितां अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. बोईसरची औद्योगिक वसाहत झाली. मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग आला, मुंबई-वडोदरा द्रुतगति मार्ग आला, अहमदाबादकडे जाणारी बुलेट ट्रेन आली. वाढवण बंदरास केंद्र सरकारनें जून २०२४ मध्यें मंजुरी दिली, व ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्याची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनच्या मार्गाची पाहणी तर हेलिकॉप्टरमधून किरण सोडून करण्यांत आली. म्हणजे मोजणीदारानें बांधावर पाय ठेवण्यापूर्वींच जमिनीचा नकाशा तयार झाला. तेव्हां डोक्यावर कांहीं घोंघावलें कीं ‘आतां कोणाची जमीन जाणार?’ हा प्रश्न ज्याच्या मनांत येतो, त्यास हंसण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. परंतु ज्या विद्येची भीति वाटते ती विद्या शेजाऱ्याच्या व सरकारच्याच हातीं राहूं देणें हा त्या भीतीवरचा उपाय नव्हे, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरी जाणत्यांकडून विचारपूस करून जें समजून घेतलें, तें असें. या यंत्राच्या चार कोपऱ्यांस चार पंखे असतात. त्यांतील समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन घड्याळाच्या कांट्याप्रमाणें व दुसरे दोन उलट फिरतात. चारही एकाच दिशेनें फिरले तर यंत्राचें अंग भोंवऱ्यासारखें उलट गरगरत राहील. चारहींचा वेग सारखा वाढविला कीं तें वर चढतें. मागच्या दोहोंचा वेग जास्त केला कीं पुढें झुकतें व त्या दिशेस चालूं लागतें. तोल सांभाळण्याचें काम आंतील बारीक उपकरणें करतात. सेकंदास शेंकडों वेळां तीं तोल तपासतात व प्रत्येक पंख्याचा वेग कमीजास्त करतात. माणसानें कळ दाबून फक्त कोठें जावयाचें तें सांगावयाचें. सुकाणू नाहीं, शेपटी नाहीं, व धांवपट्टी तर नाहींच. दहा-वीस गुंठ्यांच्या खाचरांत, चहूंबाजूंस बांध, बांधावर ताड आणि आंबा, अशा आमच्या जमिनींत ज्यास पळण्यास शंभर पावलें लागतात तें विमान निरुपयोगी आहे. हें मात्र खळ्यावरून उठूं शकतें. आमच्या शेतीशीं या यंत्राचा जो कांहीं संबंध येतो तो या एका गुणामुळें येतो.

त्याचा दोषही या गुणांतच आहे. डोक्यावर भाताचा भारा घेऊन उभा असलेला गडी एक पाऊल न चालतांही दमतो. तसेंच या यंत्राचें आहे. नुसतें एका जागीं तरंगत राहण्यासही त्यास सतत शक्ति खर्चावी लागते, व म्हणून फवारणीच्या यंत्राची बॅटरी एका भरणींत दहा-पंधरा मिनिटांपलीकडे पुरत नाहीं. उलट घार पंख न हालवितां तासन्‌तास आकाशांत फिरते, कारण तिचें ओझें वारा उचलतो. या दोहोंचा मेळ घालून आतां तिसरा प्रकार निघाला आहे: यास उभे पंखेही असतात व आडवे पंखही असतात. वर चढावयाचें पंख्यांवर, आणि उंची गांठली कीं पंखांवर निसटून लांब जावयाचें. उभ्यावरून आडवें होण्याचा तो क्षण फार नाजूक असतो. पंख्यांचा जोर कमी झाला आणि पंखांखालीं वारा अजून भरला नाहीं, अशा अवस्थेंत यंत्र दगडासारखें खालीं येतें. हौशी मुलांचीं विमानें बहुधा याच क्षणीं मोडतात, व तेथेंच तीं शिकतात. अशीं मोठीं लढाऊ विमानेंही आमच्या नौदलाजवळ होतीं. सी हॅरियर या नांवाचीं तीं विमानें १९८३ पासून २०१६ पर्यंत सेवेंत होतीं आणि जहाजाच्या तक्त्यावर उभ्यानें उतरत असत. तेव्हां पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं हेंही लक्षांत घ्यावें.

बिनतारी नियंत्रणाची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानें १८९८ मध्यें न्यूयॉर्क येथें लोकांसमक्ष तारेवांचून एक लहान होडी चालवून दाखविली. पुढें विमानांचे हौशी कारागीर निर्माण झाले, व १९७० च्या सुमारास जर्मनींत डीटर श्लूटर यांनीं नीट उडणारें बिनतारी हेलिकॉप्टर सिद्ध केलें. तेथपर्यंत हा सारा छंदच होता. तो छंद शेतांत उतरला जपानांत, आणि ही हकीकत आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. जपानी शेतकरीही आमच्यासारखाच भातकरी. त्याचीं खाचरें लहान, घरांतील तरुण शहरांतील कारखान्यांत, आणि शेतावर उरलेला मालक म्हातारा. मोठ्या विमानानें फवारणी करावी तर गांवाची वस्ती शेतांना लागून. तेव्हां १९८३ च्या सुमारास तेथील शेतकी खात्याशीं संबंधित संस्थेनें मोटारसायकली करणाऱ्या यामाहा कंपनीकडे बिनमाणशी फवारणी-यंत्राची मागणी केली, व १९८७ मध्यें ‘आर-५०’ नांवाचें, सुमारें २० किलो ओझें उचलणारें बिनतारी हेलिकॉप्टर विक्रीस आलें. आपल्याकडे ज्या गोष्टीस काल-परवांची नवलाई म्हणतात, ती भातशेतींत जवळजवळ चाळीस वर्षें वापरांत आहे. ‘तरुण कारखान्यांत आणि शेतावर म्हातारा’ हें वर्णन वाचून बोईसरच्या आसपासच्या कोणत्या शेतकऱ्यास आपलें घर आठवणार नाहीं?

आमच्या जिल्ह्यांतही या यंत्रानें एकदां मोठें काम करून दाखविलें आहे. डिसेंबर २०२१ मध्यें जव्हार येथून झाप या आदिवासी गांवीं करोनाच्या लसीच्या ३०० मात्रा अशा विमानानें पाठविण्यांत आल्या. वीस किलोमीटरांहून थोडें अधिक अंतर त्यानें नऊ-साडेनऊ मिनिटांत तोडलें. त्याच कामास घाटरस्त्यानें चाळीस मिनिटें लागतात. या गोष्टीचें वृत्तपत्रांतून कौतुक झालें तें योग्यच झालें. तथापि डिसेंबरांतील कोरड्या, निवळ हवेंत झालेला एक प्रयोग निराळा आणि आषाढांत ओढे भरलेले असतां सर्पदंशाची लस वेळेवर पोंचविणारी व्यवस्था निराळी. जव्हार-मोखाड्याच्या लोकांस गरज दुसरीची आहे, आणि पावसांत व वाऱ्यांत हीं हलकीं यंत्रें दुबळीं पडतात हें नजरेआड करून चालणार नाहीं.

आतां मोजणीकडे वळूं. या विषयांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें येथें थोडें अधिक लिहिण्याचा हक्क आम्ही मागतों. ‘स्वामित्व’ नांवाची योजना केंद्र सरकारनें २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर केली. तिच्याअन्वयें गांवठाणांतील घरांची मोजणी अशा विमानांतून छायाचित्रें घेऊन करण्यांत येते व मालकांस मिळकत-पत्रिका देण्यांत येते. महाराष्ट्रांत या कामाचा आरंभ त्यापूर्वींच पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं झाला होता. गांवठाणास पूर्वीं सातबारा नसे. घर बापजाद्यांचें, पण कागद नाहीं, आणि कागद नाहीं म्हणून बँक कर्ज देत नाहीं, अशी जी कोंडी होती ती यामुळें सुटण्यास मदत होते. ही योजना चांगली आहे, असें आम्ही नि:संकोचपणें म्हणतों.

परंतु तिच्याविषयीं दोन गैरसमज फैलावले आहेत. एक, कीं या छायाचित्रांत शेतजमिनीच्या हद्दीही ठरतात. तसें नाहीं, योजना गांवठाणापुरती आहे. शेताच्या हद्दीकरितां अद्यापि भूमि अभिलेख कार्यालयाकडे पैसे भरून हद्दकायम मोजणीच मागावी लागते. दुसरा गैरसमज याहून मोठा आहे, कीं यंत्रानें वरून पाहिलें म्हणजे तंटा मिटला. ज्यांनीं सांखळीनें मोजणी झालेली पाहिली आहे त्यांस हें पटणार नाहीं. तेहतीस फुटांची ती सांखळी, तिचे सोळा आणे. सांखळी लांब व सांखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सांखळी ओढतांना दोन्ही बाजूंचे कब्जेदार उभे असत, शिवीगाळ होई, कधीं कोयतेही निघत. परंतु त्या गोंगाटांतूनच खूण कोठें होती, बांध कोणी सरकविला, हें बाहेर पडे. विमानास बांध दिसतो. बांध कोणाचा तें दिसत नाहीं. आंब्याखालचा हद्दीचा दगड दिसत नाहीं. म्हणूनच उड्डाणापूर्वीं गांवकऱ्यांनीं आपापल्या हद्दी चुन्यानें आंखून द्यावयाच्या असतात. त्या दिवशीं जो घरीं राहिला नाहीं, त्याची रेषा शेजाऱ्यानें आंखली असें समजावें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं हें काम बाकी असेल त्यांनीं नोटीस लागतांच हातांतील काम टाकून गांवीं हजर राहावें, ही आमची कळकळीची सूचना आहे.

नुकसानीच्या पंचनाम्यांत मात्र या यंत्राचा उपयोग आम्हांस निर्विवाद वाटतो. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगत गुजरातेकडे गेलें, तेव्हां केळवें-माहीमपासून डहाणू-घोलवडपर्यंत वाड्यांतील झाडें आडवीं झालीं. तलाठ्याकडे सजांतील अनेक गांवें. तो वाडींत पोंचेपर्यंत मालकानें पडलेलें झाड कापून वाट मोकळी केलेली असते, आणि मग ‘झाड कोठें आहे?’ या प्रश्नास उत्तर उरत नाहीं. वादळापूर्वींचें एक व दुसऱ्या दिवशींचें एक, अशीं वाडीचीं दोन छायाचित्रें दिनांकासह संघाच्या दप्तरीं असतील, तर पंचांचें काम निम्म्यानें सोपें होईल. पंचनाम्यावर अधिकाऱ्याची व पंचांची सही हवीच. छायाचित्र हा तिचा पर्याय नव्हे, पुरावा आहे. आणि या कामास आठ-दहा लाखांचें यंत्र लागत नाहीं. मुलांच्या हातांतील छोटें विमान, खालीं कॅमेरा लावला कीं पुरे.

फवारणीकडे येतांना एक दुःखद गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या पावसाळ्यांत कापसावर औषध मारतांना विषबाधा होऊन वीसच्या घरांत शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों इस्पितळांत पडले. पाठीवर पंप घेऊन स्वतः सोडलेल्या विषाच्या धुक्यांतूनच पुढें चालत जाणें, ही आपल्याकडील फवारणीची रीत आहे. आमच्या भागांत कापूस नाहीं, पण पंप तोच, औषधेंही पुष्कळशीं तींच, आणि तोंडास बांधलेला पंचाही तोच. ज्या यंत्रामुळें माणूस त्या धुक्यापासून दूर उभा राहूं शकतो त्यास केवळ नवें म्हणून नाकारणें, हें ज्याच्या पाठीवर पंप नाहीं त्यासच शोभेल.

हिशोब असा. पाठीवरच्या पंपानें एकरास दीडशें ते दोनशें लिटर पाणी लागतें. या यंत्रास आठ-दहा लिटर पुरतें, व एकर सात ते दहा मिनिटांत होतो. परंतु या हिशोबाची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहींत. पाणी पंधरा-वीस पट कमी आणि औषध तेवढेंच, म्हणजे द्रावण तितक्या पटीनें तिखट. त्याचा एक झोत वाऱ्यानें शेजारीं गेला तर पूर्वींच्या पंपाच्या झोतापेक्षां कितीतरी अधिक नुकसान करील. आमच्या किनाऱ्यावर दुपारीं समुद्राकडून वारा सुटतो हें कोळ्याच्या पोरासही ठाऊक आहे. फवारणी सकाळींच झाली पाहिजे, पिकावरून फार उंच उडतां कामा नये, आणि केंद्रीय कीटकनाशक मंडळानें अशा फवारणीस मान्य केलेलींच औषधें वापरलीं पाहिजेत. याविषयीं सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें कार्यपद्धति ठरवून दिली आहे. ती मराठींत छापून प्रत्येक सभासदाच्या घरीं गेली पाहिजे.

सर्व पिकांस हें यंत्र सारखें उपयोगी नाहीं हेंही स्पष्ट सांगतों. भातावर, विशेषतः वाड्याकडील कोलमच्या सलग शिवारांत, तें चांगलें चालेल. खोडकिडा किंवा तुडतुडे एकाच वेळीं शिवारभर येतात, आणि एकानें फवारलें व शेजाऱ्यानें नाहीं तर दोघांचेंही काम फुकट जातें. चिकूचें तसें नाहीं. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु तीं झाडें जुनीं, घेरदार, आंतून दाट. वरून पडलेलें औषध बाहेरच्या पानांवरच राहतें, फळाच्या बींत शिरणाऱ्या अळीपर्यंत पोंचतेंच असें नाहीं. प्रथम छाटणी, मग यंत्र, हा क्रम तेथें हवा. केळवें-माहीमच्या पानमळ्यांचें तर नांवच काढूं नये. पान माणूस तसेंच तोंडांत घालतो. तेथें यंत्र चालविण्याचा प्रश्न तर नाहींच, उलट शेजारच्या भातावर चालवितांनाही पानमळेवाल्यास विचारलें पाहिजे. कोळंबीचीं तळीं व मधमाशांच्या पेट्या यांची गोष्टही हीच.

आतां कायदा. २५ ऑगस्ट २०२१ रोजीं ड्रोन नियम अमलांत आले. त्यांत वजनावरून पांच वर्ग केले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत, तेथून २ किलोपर्यंत, २ ते २५ किलो, २५ ते १५० किलो, व त्यावरचीं. छंदाकरितां, शिक्षणाकरितां वा संशोधनाकरितां नजरेच्या टप्प्यांत उडविलेल्या २५ किलोपर्यंतच्या नमुना-विमानांस बनावटीच्या प्रमाणपत्रांतून सूट आहे. २५० ग्रॅमच्या आंतील यंत्रास, तसेंच व्यापाराकरितां नसलेल्या २ किलोपर्यंतच्या यंत्रास, चालकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. फवारणीच्या यंत्रास मात्र तें लागतें. त्याकरितां वय १८ ते ६५ व दहावी उत्तीर्ण असणें आवश्यक आहे. हिरव्या पट्ट्यांत ४०० फुटांपर्यंत उडण्यास परवानगी लागत नाहीं, पिवळ्यांत लागते, तांबड्यांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून उडणें हा गुन्हा आहे. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आणि येथेंच तारापूरचा प्रश्न येतो. अणुवीजकेंद्राच्या आसमंतांत कोणींही, कितीही लहान यंत्र उडवूं नये, याबद्दल दुमत असूं शकत नाहीं. तेथील पहारेकऱ्यास वर घोंघावणारी वस्तु खेळणें आहे कीं आणखी कांहीं, हें विचारीत बसण्यास सवड नसते. परंतु निषिद्ध हद्द नेमकी कोठें संपते हें त्या हद्दीच्या शेजारच्या शेतकऱ्यास ठाऊक कसें व्हावें? सरकारचा नकाशा संगणकावर आहे, असें उत्तर मिळतें. ज्या शिवारांत सर्व्हे नंबर हीच जमिनीची ओळख, तेथें रंगीत वर्तुळ दाखवून भागत नाहीं. आमची मागणी अशी आहे कीं, या पट्ट्यांतील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, कोणकोणते सर्व्हे नंबर तांबड्या पट्ट्यांत येतात याची यादी मराठींत लावावी. महसूल खात्यास हें काम चार दिवसांचें आहे; गांवनकाशावर रेघ ओढली कीं यादी तयार. अणुवीजकेंद्राखेरीज बोईसरचे रासायनिक कारखाने, पालघर-बोईसर-वाणगांव लोहमार्गावरील विजेच्या तारा, आणि शिवारांवरून गेलेल्या उच्च दाबाच्या वाहिन्या, हींही टाळावयाचींच ठिकाणें आहेत. बॅटरी फुगली असेल तर ती पेट घेऊं शकते; तें यंत्र कारखान्याच्या आवारांत पडलें तर काय होईल हें सांगावयास नको.

एवढें सांगून आम्ही पुन्हां त्या मुलांकडे येतों. फवारणीचें यंत्र उडवितांना जी सवय हातास व डोळ्यास लागते, ती आठवड्याच्या शिक्षणवर्गांत पुरती येत नाहीं. ती अशा लहान विमानांवर वर्ष-दोन वर्षें घालविल्यानें येते. यंत्राचें तोंड आपल्याकडे वळलें कीं डावें-उजवें उलटें होतें. तेथें भलेभले गोंधळतात, पण खेळलेलें पोर गोंधळत नाहीं. थर्माकोलचें विमान मोडलें तर कांहीं शेंकड्यांचें नुकसान. लाखांच्या यंत्रावर शिकावयास जाणें हा आंधळा खर्च आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत नमुना-विमानें करण्याचें शिक्षण देतात, तें उगाच नाहीं. मुंबईच्या आयआयटींतून बाहेर पडलेल्या तरुणांनीं २००७ मध्यें आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. आज तिचीं उभ्यानें चढणारीं विमानें सैन्यांत आहेत. ग्रामसभेनें या मुलांस बंदी करण्याऐवजीं पडीक जमिनीचा एक तुकडा नेमून द्यावा. त्यांनीं वाल-हरभरा पेरलेल्या खाचरांत उतरूं नये, गुरांवरून व माणसांवरून उडवूं नये, कोणाच्या परसांत डोकावूं नये, आणि बरोबर एक जाणता माणूस ठेवावा, इतक्या अटी पुरेत. मुलींसही त्यांत घ्यावें. नोव्हेंबर २०२३ मध्यें मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेंत देशांतील पंधरा हजार महिला बचत गटांस यंत्राच्या किंमतीच्या ८० टक्के, आठ लाखांपर्यंत, साह्य ठरविलेलें होतें. त्या यंत्रावर बसविण्यास शिकलेली मुलगी गांवांत असेल तरच असें साह्य कामाचें.

राहिला पैशाचा प्रश्न. एकट्यानें यंत्र घेण्याच्या विरुद्ध आम्ही आहोंत, मग तो पंचवीस एकरांचा धनी कां असेना. समजा, तीन एकरांच्या शेतकऱ्यास हंगामांत तीन फवारण्या कराव्या लागल्या, व एकरास भाडें चारशें रुपये पडलें, तर वर्षाचा खर्च ३,६०० रुपये होतो. त्याकरितां कर्ज काढून आठ लाखांचें यंत्र घेणें हें दुधाकरितां तबेला बांधण्यासारखें आहे. संघानें घेतल्यास हिशोब बदलतो. पावसानें उघडीप दिलेले हंगामांत तीस दिवस धरले, दिवसास वीस एकर धरले, तर सहाशें एकर; त्याच भाड्यानें २,४०,००० रुपये. त्यांतून चालकाचा पगार, विमा, बॅटऱ्या व मोडतोड. बॅटरी हा वरचेवरचा खर्च आहे, हें विसरूं नये. ती कांहीं शें भरण्यांनंतर निकामी होते. नफा थोडाच राहील, पण तोटा येऊं नये. शेतकरी उत्पादक कंपन्यांस, अवजारें भाड्यानें देणाऱ्या केंद्रांस व कृषि पदवीधरांस सरकारनें २०२२ पासून निरनिराळ्या प्रमाणांत अनुदान ठेवलें. चालू वर्षीं काय आहे तें तालुका कृषि अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावें, विक्रेत्याच्या तोंडावर विसंबूं नये.

मजुराचें काय, असा प्रश्न एका सभासदानें आम्हांस केला, व तो रास्त आहे. फवारणीवर ज्याची रोजी चालते तो बहुधा वारली वा कातकरी गडी; यंत्रानें त्याच्या पाठीवरचें विष जाईल तसा रोजही जाईल. बॅटऱ्या भरणें, औषध कालविणें, यंत्र एका खाचरांतून दुसऱ्यांत नेणें, या कामांस दोन माणसें लागतातच. तीं त्याच पाड्यांतून घ्यावींत, व त्यांस हातमोजे आणि मुखपट्टी संघानें द्यावी, अशी अट खरेदीच्या ठरावांतच असावी. मागून घालूं म्हटलेली अट मागेंच राहते, हा कचेरींतील आमचा अनुभव आहे.

ज्यांच्या शेतास पानमळा, कोळंबीचें तळें किंवा मधपेट्या लागून आहेत, त्यांनीं शेजाऱ्याची लेखी संमति घेऊन तो कागद पावसाळ्यापूर्वीं संघाच्या कारकुनाकडे द्यावा. त्यावर सर्व्हे नंबर, फवारणीचा दिवस व औषधाचें नांव असावें. सही नसलेल्या शेताची नोंद यादींत घेऊं नये.